आधी मासा, मग माशी

मालेगाव म्हटलं की पुण्यात सगळ्यांना नाशिकचंच आठवतं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. तर मंडळी, दिवाळीत गावी गेलो तेव्हा सोबत फ्लाय रॉड होता आणि फ्लायची एक भरगच्च डबी. फ्लाय म्हणजे छोट्या गळाला पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. नुसतं सोंग. डबी ऑनलाइन मागवलेली, फोटो बघून. लाल, पिवळे, चमचमते फ्लाय. सगळे थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी बनवलेले, हे नंतर कळलं.

सकाळी सहा ते दहा तलावावर फेकाफेकी केली. शून्य. तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहे, तिथले एक काका शेजारी कणकेची गोळी लावून बसले होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमाले मासोई कोनती पाह्यजे?"

"कोणतीही चालेल."

"मंग कोनतीच नाई लागनार."

माझं मत विचाराल तर कार्पसाठी फ्लाय निवडण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. आपण आयटीवाले आधी टूल विकत घेतो आणि मग प्रॉब्लेम शोधतो. इथे ते चालत नाही. डबी उघडण्याआधी माशाचं तोंड बघायला हवं.

आपल्या तलावांत 'कार्प' म्हणजे एक मासा नाही, अख्खं कुटुंब आहे. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरातला, ओठांना झालर, वनस्पती कुरतडणारा. मृगळ तळाचा. हे तिघे आपले. सायप्रिनसची बँकॉक जात १९५७ साली आली, गवत्या आणि चंदेरा १९५९ साली. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पती खातो. चंदेरा पाणी गाळून शेवाळ खातो, त्याच्यापुढे फ्लाय नाचवणं म्हणजे वेळ फुकट. कटल्याचंही जवळपास तसंच. म्हणजे निम्मी यादी तिथेच बाद झाली.

राहिला मुख्यतः सायप्रिनस. हा मिशीवाला गडी तळातला गाळ उपसतो, तोंडाने किडा ओढून घेतो, चव बघतो आणि नको असेल तर क्षणात थुंकतो. त्याचे दात ओठात नसतात, घशात असतात. मग फ्लाय कसा हवा? एक, बुडणारा हवा. दोन, मण्यांचे डोळे वरच्या बाजूने असे बांधलेले की गळ उलटा होऊन टोक वर राहील आणि काडीकचऱ्यात अडकणार नाही. तीन, रंग मातकट: तपकिरी, शेवाळी, गंजका. चतुराच्या पाण्यातल्या अळ्या, गांडुळं, झिंगे असेच दिसतात. पाणी गढूळ असेल तर काळा, कारण त्याची सावली तरी दिसते. फ्लाय माशाच्या नाकासमोर टाकायचा आणि जवळजवळ हलवायचाच नाही. असे दोन प्रकार, दोन वजनांत. बाकीची डबी शोकेसला.

यावर शुद्धतावादी एक वाद घालतात. पावाच्या तुकड्यासारखा किंवा खाद्याच्या गोळीसारखा फ्लाय म्हणजे चीटिंग, खरा फ्लाय किड्याचाच. मला हे पटत नाही. मासा जे खातो त्याची नक्कल करायची, हाच खेळ ना? ज्या तलावात कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड टाकतात, तिथे पेंड हेच माशाचं रोजचं जेवण. तिथे पेंडीच्या रंगाचा फ्लाय हाच प्रामाणिक फ्लाय. परदेशातही तुतीच्या झाडाखाली कार्पला तुतीसारखा फ्लाय टाकतातच की.

आणि हे ज्ञान परदेशी आहे असंही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. कुठला मासा कुठे राहतो आणि त्याला काय खायला घालायचं, याचं वर्णन त्यात आहे. राजाला जे कळलं होतं तेच तलावावरच्या काकांना कळतं. फक्त मला कळलं नव्हतं, कारण मी कॅटलॉग वाचत होतो.

आता मुद्द्याचं. तलावातला मासा 'कुणाचाच नाही' असं आपण शहरातून आलेले लोक धरून चालतो. संस्था ठेका भरते, बोटुकली विकत घेऊन सोडते, महिनोन्महिने राखण करते. आपला वीकेंडचा छंद त्यांच्या वर्षभराच्या कमाईवर चालतो. म्हणून आधी विचारा, ते सांगतील ते पैसे द्या. मासा सोडणार असाल तर गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका आणि हात ओले करून मासा धरा. उन्हाळ्यात पाणी आटलं, तापलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. दमवून सोडलेला मासा नजरेआड जाऊन मरतो. तेव्हा रॉड घरीच ठेवा. उत्तम फ्लाय निवडला तरी त्या महिन्यात तो चुकीचाच.

दुसऱ्या दिवशी काकांना विचारून, एकच तपकिरी फ्लाय घेऊन बसलो. आधी अर्धा तास नुसतं पाणी बघितलं. काठाजवळ गाळाचे ढग उठत होते, बुडबुडे येत होते. त्यांच्या वाटेवर फ्लाय टाकला. एक सायप्रिनस लागला, एकच. तो काकांच्या टोपलीत गेला, मासा त्यांचाच होता.

काका एवढंच म्हणाले, "आज तुमाले मालूम होतं."