वाळलेल्या कपड्यांचा ढीग

उन्हाळ्यात एक आजी आपल्या वीस महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. मुलाचे वडील नोकरीनिमित्त परगावी, आई दिवसभर कामावर, मूल आजी-आजोबांकडे. "डॉक्टर, याला समजते सगळे, पण चार शब्दांपलीकडे बोलत नाही. आमचेच काही चुकते आहे का?" विचारताना त्यांचा आवाज कापरा झाला. मी मुलाला विचारले, "बाबा कुठे आहेत?" त्याने आजींच्या पिशवीकडे बोट दाखवले. पिशवीत मोबाईल होता.

आजींना वाईट वाटले. मला मात्र बरे वाटले. प्रश्न समजणे आणि बोट दाखवणे या दोन्ही गोष्टी बोलण्याच्या आधी याव्या लागतात.

मी त्यांना सुचवलेला उपाय साधा होता. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालता ना, तेव्हा त्याला समोर बसवा. "हा आजोबांचा सदरा. ही आईची ओढणी. हे बाळाचे मोजे." बाबांचा एखादा शर्ट मुद्दाम त्या ढिगात ठेवा. दोन वर्षांच्या सुमारास मूल दोन शब्द जोडू लागते. 'बाबांचा शर्ट' म्हणताना माणूस, वस्तू आणि त्यांचे नाते एकदमच कानी पडते. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीत बसा, ढीग बुटक्या स्टुलावर ठेवा, पण मुलाला आपले तोंड दिसले पाहिजे. सेफ्टी पिना आणि सुटलेली बटणे आधी काढून घ्या.

परीक्षा मात्र घेऊ नका. "हे काय? सांग ना!" या आग्रहाने मूल गप्प बसते. आपण नाव घ्यावे, मग मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे. आईला घरात कोणी वहिनी म्हणते, कोणी नावाने हाक मारते. मुलाशी बोलताना मात्र 'आई' हाच शब्द वापरावा. आणि नातू आधी 'मामा' म्हणाला म्हणून आजोबांनी रुसू नये. ओठांनी उच्चारायचे म, ब, प हे वर्ण लवकर येतात. 'आजोबा' लांब पडते, त्याचे बहुधा 'आबा' होते. 'आत्या'तले जोडाक्षर तर आणखी अवघड.

पडद्यावरची गाणी याची जागा घेत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांच्या आत मुलाला पडद्यासमोर बसवू नये. बाबांशी व्हिडिओवर बोलणे वेगळे. तो खुशाल बोलू दे.

"याचा बाप तीन वर्षांनी बोलला होता," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्यावर विसंबू नका. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, हाक मारल्यावर मूल वळत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे आणि श्रवणचाचणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते.

या मुलाचीही श्रवणचाचणी केली; ती उत्तम आली. गेल्या आठवड्यात तो आजोबांबरोबर आला, तेव्हा एका पायात मोजा नव्हता. "दुसरा कुठे रे?" मी विचारले.

"आबा मोजा," तो म्हणाला. मोजा आजोबांच्या खिशात निघाला.