बोनमॅरो मॅच झाला, पुढं काय? दात्याच्या पेशी निकाल कसा ठरवतात

शिरूर अनंतपाळसारख्या गावातून बोनमॅरो ट्रान्सप्लांटसाठी मदतीचा मेसेज फिरतो, तेव्हा त्यात बहुतेक दोनच गोष्टी असतात: भावाचा किंवा बहिणीचा मॅच जुळलाय आणि अमुक लाख रुपये कमी पडतायत. ट्रान्सप्लांट झालं की मेसेज थांबतात. माझ्या मते आपला हिशेब इथंच चुकतो. पेशंटचं काय होणार हे बरंचसं त्यानंतरच्या महिन्यांत ठरतं, आणि ते ठरवण्यात दात्याच्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा असतो.

पिशवीतून नक्की काय येतं?

आधी केमोथेरपीनं, कधी रेडिएशननं, पेशंटचा स्वतःचा बोनमॅरो संपवतात किंवा दाबून टाकतात. मग दात्याच्या स्टेम सेल रक्तासारख्याच शिरेतून देतात. त्या हाडांच्या पोकळीत जाऊन नवं रक्त बनवू लागतात. भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींच्या पथकानं केलं.

पण त्याच पिशवीत दात्याच्या टी-पेशीही असतात. या शरीराच्या राखणदार. आपलं कोण, परकं कोण हे त्या पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणा आणि इतर बारीक फरकांवरून ओळखतात. नव्या घरात आल्यावर कधी कधी राखणदारच घरमालकाला चोर समजतो. मग त्वचा, आतडी आणि लिव्हरवर हल्ला होतो. याला जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज म्हणतात.

मग टी-पेशी गाळूनच टाका ना?

तसं करून झालंय. जीव्हीएचडी कमी झाला, पण ब्लड कॅन्सर जास्त वेळा उलटला. 1990 मध्ये ल्युकेमियाच्या दोन हजारांहून अधिक पेशंटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. हुबेहूब जुळ्या भावंडाचा बोनमॅरो मिळालेल्यांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे मॅच पूर्ण, पण राखणदार गाफील! त्याच वर्षी म्युनिकच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटनंतर ल्युकेमिया उलटलेल्या तिघांना त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या आणि आजार मागे हटला. थोडक्यात, ज्या पेशी त्रास देतात त्याच कॅन्सरही मारतात.

थॅलेसेमियाचं गणित मात्र वेगळं. तिथं मारायला कॅन्सरच नसतो. टी-पेशी नवा बोनमॅरो रुजायला मदत करतात, पण जीव्हीएचडी झाला तर त्यातून फायदा काहीच नाही. म्हणून एकाच्या अनुभवावरून दुसऱ्यानं अंदाज बांधू नये.

अर्धा मॅचही आता चालतो

सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्केच असते. आई-वडील मात्र निदान अर्धे जुळतातच. पूर्वी अर्ध्या मॅचमध्ये जीव्हीएचडीचा धोका फार असायचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी त्यावर एक जुनंच औषध वापरलं: सायक्लोफॉस्फामाइड. ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते दिलं की हल्ल्यासाठी वेगानं वाढणाऱ्या टी-पेशी मरतात, स्टेम सेल बऱ्याचशा वाचतात. 2023 मध्ये एका अमेरिकन चाचणीत जुळणाऱ्या दात्यांसाठीही ही पद्धत तपासली. एका वर्षानंतर गंभीर जीव्हीएचडी आणि आजार उलटणं, दोन्ही टळून जिवंत असलेले पेशंट या पद्धतीत सुमारे 53 टक्के होते, तर जुन्या औषधांवर सुमारे 35 टक्के.

ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळालेली आयआयटी मुंबई आणि टाटाची नेक्सकार-19 थेरपी याच विचाराची पुढची पायरी आहे. तिच्यात पेशंटच्याच टी-पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवतात. पण ती ठरावीक ब्लड कॅन्सरसाठीच आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ

थॅलेसेमियासाठी 2017 पासून कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेत 10 लाखांपर्यंत मदत मिळते. अशी मदत मोलाचीच. पण पहिले शंभर दिवस हॉस्पिटलजवळ राहावं लागतं. मुंबई-पुण्यात खोलीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, वारंवार तपासण्या, हा खर्च मेसेजमधल्या आकड्यात सहसा नसतो.

गावी परतल्यावर अंगावर पुरळ, न थांबणारे जुलाब, पिवळे डोळे, सुकलेलं तोंड दिसलं तर 'उष्णता झाली', 'बाहेरचं खाल्लं' म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी ट्रान्सप्लांट सेंटरला फोन करा. बरं वाटतंय म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पुन्हा रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएटेड हवं, हे लातूरच्या डॉक्टरांनाही आधीच सांगून ठेवा.

आणि मदत गोळा करत असाल, तर आकडा ट्रान्सप्लांटच्या दिवसापर्यंतचा धरू नका, पुढच्या एका वर्षाचा धरा.