पाहुणा कुणाच्या घरी उतरतो?

अमक्याला फेलोशिप मिळाली, तो अमेरिकेला निघाला, असे कानावर आले की आपल्या मनात दोन विचार येतात. एक तर तो फार हुशार असला पाहिजे, नाही तर त्याचा मोठा वशिला असला पाहिजे. त्यामागून तिसरा विचार येतो, की हे आपले काम नव्हे. या तिसऱ्या विचाराबद्दल आज बोलायचे आहे.

शिष्यवृत्ती घेऊन परदेशी शिकायला जाणे आपल्याला नवे नाही. बडोद्याच्या महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपल्या घरातली लहान मुलेही सांगतात. ती पदवीची वाट. आज सांगायची वाट निराळी आहे. हिच्यात बहुतेक वेळा लेखी परीक्षा नसते आणि शेवटी पदवीही मिळत नाही. आपल्या क्षेत्रात काही वर्षे काम केलेला माणूस काही आठवडे किंवा काही महिने दुसऱ्या देशात जातो आणि तेच काम करणाऱ्या तिथल्या माणसांना भेटतो. शिक्षक तिथली शाळा पाहतो, परिचारिका तिथला दवाखाना पाहते, नगरसेविका तिथल्या नगरपालिकेचा कारभार समजून घेते. खर्च बोलावणारी संस्था करते.

अशा योजना कशा चालतात ते थोडक्यात पाहू. अमेरिकन सरकारची पाहुणे बोलावण्याची योजना १९४० साली सुरू झाली. लॅटिन अमेरिकेतील देशांवर जर्मनी आणि इटलीची छाप वाढू नये, म्हणून नेल्सन रॉकफेलर यांच्या कार्यालयाने तिथल्या पत्रकारांना आपला देश दाखवायला बोलावले. पुढे तिला 'इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्राम' हे नाव मिळाले. तिच्यासाठी अर्ज करता येत नाही. प्रत्येक देशातील अमेरिकन वकिलात नावे सुचवते. १९६७ साली ब्रिटनच्या विरोधी पक्षातील एक खासदार बाई या योजनेतून सहा आठवडे अमेरिका फिरल्या. त्यांचे नाव मार्गारेट थॅचर. १९७९ साली त्या पंतप्रधान झाल्या. उद्या कोण मोठा होणार हे हेरून त्याच्याशी आजच ओळख करून ठेवायची, असा हा हिशेब आहे. कोणतेही सरकार फुकट पाहुणचार करीत नाही, हे ध्यानात ठेवूनच अशा आमंत्रणाकडे पाहावे.

आयझेनहॉवर फेलोशिप १९५३ साली निघाली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या वाढदिवसाची भेट म्हणून पेनसिल्व्हेनियातील काही नागरिकांनी ती सुरू केली. तिचे कार्यालय फिलाडेल्फियात आहे. तिच्यात प्रत्येक पाहुण्याच्या विषयाप्रमाणे त्याचा स्वतंत्र प्रवास आखतात. हंफ्री फेलोशिप १९७८ सालची. नोकरीत किंवा सार्वजनिक कामात काही वर्षे मुरलेल्या माणसांना दहा महिने अमेरिकन विद्यापीठात ठेवायचे, पण पदवी द्यायची नाही, अशी तिची रचना होती. रोटरीची 'ग्रुप स्टडी एक्स्चेंज' ही योजना १९६५ पासून २०१३ पर्यंत चालली. रोटरीचा एक सभासद पुढारी म्हणून आणि त्याच्याबरोबर सभासद नसलेली चार नोकरदार किंवा व्यावसायिक माणसे, असा चमू महिना-सव्वा महिना परदेशात जाई आणि तिथल्या कुटुंबांत राही.

या साऱ्यातून हाती काय येते? फोटो येतात, भेटवस्तू येतात, ती कपाटात जातात. खरी शिदोरी असते ओळखीची. तिची ताकद केवढी, याचे एक उदाहरण आपल्या नागपूरचे आहे.

जेम्स लॉसन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीची सैन्यभरती नाकारल्याबद्दल तो तुरुंगात गेला होता. सुटल्यावर मेथॉडिस्ट चर्चच्या मंडळाने त्याला इकडे पाठवले. त्याच्या प्रवासाला फेलोशिप हे नाव नव्हते, पण रीत तीच. मुलांना खेळ शिकवायचे, त्यांच्यात राहायचे, आणि अन्यायाशी हात न उगारता कसे लढायचे याचा अभ्यास करायचा. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आहे, ही बातमी त्याने नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याची आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची गाठ पडली. वय दोघांचेही अठ्ठावीस. किंग म्हणाले, उशीर करू नका, आमच्याकडे दक्षिणेत आताच या.

लॉसन नॅशव्हिल शहरात गेले. चर्चमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. कोणी अंगावर थुंकले, केस ओढले, खुर्चीवरून खाली पाडले, तर काय करायचे, याचा सराव मुले एकमेकांवर करीत. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुले गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. त्यांना मार पडला, अटका झाल्या, लॉसनना विद्यापीठाने काढून टाकले. पण १० मे १९६० रोजी शहरातील सहा दुकानांची उपाहारगृहे काळ्या माणसांना खुली झाली. त्या वर्गातला जॉन लुईस पुढे अमेरिकेच्या संसदेत गेला. लॉसन यांचे निधन जून २०२४ मध्ये झाले, वयाच्या ९५ व्या वर्षी. नागपुरात घालवलेली तीन वर्षे किती दूरवर पोचली, याचा विचार करावा.

आता दुसरी बाजू पाहू. १९५९ च्या फेब्रुवारीत स्वतः किंग, पत्नी कोरेटा आणि प्राध्यापक लॉरेन्स रेडिक यांच्यासह महिनाभर भारतात आले. त्यांच्या दौऱ्याची व्यवस्था अमेरिकेतील क्वेकर पंथीयांच्या एका सेवासंस्थेने आणि गांधी स्मारक निधीने केली होती. मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवनात होता. दिल्लीत पंडित नेहरू भेटले, राजस्थानात विनोबा भेटले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत, जिथे अस्पृश्य समाजाची मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतला आपला अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. किंग आधी दचकले, त्यांना थोडे वाईटही वाटले. मग आपल्या देशातल्या झोपडपट्ट्यांत कोंडलेली काळी माणसे त्यांना आठवली आणि हे खरेच आहे असे त्यांना पटले. १९६५ साली एका प्रवचनात त्यांनी ही आठवण स्वतः सांगितली.

नेहरूंनी त्यांना राखीव जागांची माहिती दिली. रेडिक यांनी विचारले, हाही एक भेदभावच नव्हे काय? नेहरूंच्या उत्तराचा आशय असा, की असेलही, पण शतकानुशतके केलेल्या अन्यायाचे हे आमचे प्रायश्चित्त आहे. किंग यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात हा संवाद दिला आणि अमेरिकेतील काळ्या माणसांनाही अशी भरपाई मिळाली पाहिजे असे मांडले. एका महिन्याच्या प्रवासाचे हे मोठेच फळ म्हटले पाहिजे.

पण नीट पाहा. राखीव जागा किंग यांना प्रायश्चित्त म्हणून कळल्या. आपल्या लोकांनी त्या हक्क म्हणून भांडून मिळवल्या, ही बाजू त्या संवादात नाही. ती सांगू शकणारे बाबासाहेब १९५६ सालीच गेले होते. त्यांच्याबरोबर झगडलेली माणसे मात्र हयात होती. दादासाहेब गायकवाड तेव्हा लोकसभेत होते, आणि त्याच १९५९ साली महाराष्ट्रात त्यांच्या पुढारपणाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मणिभवनापासून दादरचे राजगृह काही फार लांब नाही. पण पाहुण्याचा कार्यक्रम यजमान आखतो. ज्याच्या घरी पाहुणा उतरतो, त्याच्या खिडकीतून त्याला गाव दिसते. यात किंग यांचा दोष नाही, यजमानांवरही राग धरण्याचे कारण नाही. त्यांच्या ओळखी होत्या, त्या त्यांनी वापरल्या. आपल्या ओळखी वाढवणे हे आपलेच काम होते आणि आजही आहे.

बाबासाहेबांनी ते केले होते. १९४६ साली अमेरिकेतील काळ्या लोकांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांना समजले. त्यांनी तिथले थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागितली. आपल्या लोकांचे गाऱ्हाणेही तिथे नेता येईल का, हा विचार त्यामागे होता. डुबॉइस यांचे उत्तर आले: आपले नाव आणि कार्य मी ऐकून आहे, शक्य ती मदत करीन. दोन समाजांमधला धागा एका पत्राने जोडला.

आपल्यासारख्यांना ही दारे उघडतात का, असे कोणी विचारील. फोर्ड फाउंडेशनने २००१ ते २०१३ या काळात एक फेलोशिप चालवली. भारतासह २२ देशांतून ४,३०० हून अधिक माणसे तिच्यात निवडली गेली. ती उच्च शिक्षणासाठी होती, पण निवड करताना नुसते गुण पाहत नसत. उमेदवार शिक्षणापासून दूर ठेवलेल्या समाजातला आहे का, त्याने आपल्या लोकांसाठी काय केले आहे, परत येऊन काय करणार, हे विचारीत. इंग्रजी कच्चे असेल तर आधी शिकवीत. त्यांतील कितीतरी जण घराण्यातले पहिलेच पदवीधर होते, आणि शिकून झाल्यावर बहुतेक जण मायदेशी परतले. ती योजना आता नाही. पण तिने एक गोष्ट दाखवून दिली: योग्य प्रश्न विचारले, तर वस्तीतला कार्यकर्ता मागे पडत नाही.

अशा योजना येतात आणि जातात. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या देवाणघेवाण कार्यक्रमांचा निधी काही काळ अडवून धरला होता. म्हणून त्या वर्षी काय चालू आहे याची चौकशी संस्थेच्या कचेरीतच करावी. खऱ्या योजनेत निवडीसाठी पैसे घेत नाहीत. 'इतके हजार भरा, तुमचे नाव घालतो' म्हणणारा दलाल कितीही जवळचा असला, तरी त्याला दारातूनच परत पाठवावे.

आपली तयारी मात्र आजपासून करता येते. सफाई कामगारांच्या युनियनचा चिटणीस, बचत गट चालवणारी ताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची सदस्य, रात्रशाळेचा शिक्षक यांच्याजवळ काम भरपूर असते, पण कागद नसतो. फेलोशिपच्या अर्जात विचारतात, किती वर्षे, कोणासाठी, काय केले, काय बदलले. तेव्हा एक फाइल करावी. वर्तमानपत्रातली कात्रणे, सभेचे फोटो, मागे तारीख आणि गावाचे नाव. किती नळ मिळवले, किती मुले पुन्हा शाळेत गेली, हे आकड्यांत मांडावे. आधी मराठीत लिहावे, मग घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ते इंग्रजीत करावे. ज्यांनी हे काम डोळ्यांनी पाहिले, अशा दोघा-तिघांची पत्रे घेऊन ठेवावीत. पासपोर्ट काढून ठेवावा.

घरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. सून किंवा मुलगी अशा कामासाठी निवडली गेली, तर 'सहा आठवडे घर कोण बघणार?' हा प्रश्न पहिला निघतो. तो रास्त आहे. पण त्याचे उत्तर घरातल्या सर्वांनी मिळून शोधायचे असते, तिने एकटीने नव्हे.

जो जाऊन येईल त्याने एक हिशेब द्यावा. बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाला दहा वर्षे नोकरीचा करार लिहून दिला होता. सरकारी खर्चाने अमेरिकेला जाणाऱ्या अशा पाहुण्यांनाही पुढे तिथे स्थायिक होण्याचा परवाना हवा असेल, तर आधी दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. ही कायद्याची परतफेड झाली. समाजाची परतफेड अशी, की परतल्यावर आठवड्याच्या आत वस्तीत सभा घ्यावी, काय पाहिले ते सांगावे, कोण कोण भेटले त्यांचे पत्ते लिहून ठेवावेत आणि पुढच्या अर्जदाराला द्यावेत. ओळख स्वतःच्या खिशात ठेवली तर ती त्याच्याबरोबरच संपते.

ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनाही यात वाटा आहे. अमेरिकेत या पाहुण्यांना घरी जेवायला बोलावणारी शेकडो साधी कुटुंबे असतात, त्यांच्या शहरोशहरी समित्या आहेत. आपल्याकडेही परदेशी विद्यार्थी, अभ्यासक, कार्यकर्ते येतात. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी पाहतात, वस्तीतून फिरतात, फोटो काढतात आणि निघून जातात. त्यांना थांबवावे. भाकरी-भाजी जे असेल ते वाढावे. मुलाबाळांना जवळ बसवून आपली हकिगत आपल्या तोंडून सांगावी, नाव-पत्ता घ्यावा, आणि पोचल्याचे पत्र पाठवायला सांगावे. पुढचा पाहुणा आपल्या घरी उतरायला हवा असेल, तर आपला पत्ता त्याच्यापर्यंत पोचलेला असला पाहिजे.