आधी चढायचे पैसे

नेरुळला आमच्या शेजारच्या काकू-काका पुढच्या महिन्यात बॅलार्ड पिअरहून गोव्याच्या क्रूझला निघालेत. जास्तीचे पैसे भरून जहाजात आधी चढायचं का, हे विचारायला काकू मेथीची जुडी आणि मोबाइल घेऊन आल्या. मी सरळ सांगितलं, भरू नका. १९९२ साली हार्बर लोकल वाशीला आली, तेव्हापासून गाडी थांबायच्या आत दारात शिरायचं हे आपल्या अंगवळणीच पडलंय. नाहीतर चौथी सीटही जाते. पण जहाजावरची खोली आपल्या नावावर असते, पनवेलहून येऊन कुणी तिथे रुमाल टाकत नाही. जुन्या कोकण बोटींची गोष्ट निराळी. भाऊच्या धक्क्यावरून डेकच्या तिकिटावर जाणाऱ्याला वळकटी पसरायला वाऱ्याची जागा हवी असायची, आणि उशीर झाला तर रात्रभर इंजिनाची धग सोसावी लागे. तिथे आधी चढण्याला खरी किंमत होती! आता आधी चढून काय, जेवणाच्या रांगेत तासभर आधी उभं राहायचं, आणि खोलीची झाडलोट चालू असेल तर बॅग सांभाळत लॉबीत बसायचं. काकांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आत्ताच सांगून ठेवा. चेक-इन घरूनच करा, ओळखपत्रं पर्समध्ये वरच ठेवा. वाचलेल्या पैशांत गोव्याला उतरल्यावर दोघं झकास मासे खा. काकूंनी तिथल्या तिथे मोबाइलवरची आधी चढण्याची खूण काढली, आणि निवडलेली मेथी आमच्याच ओट्यावर विसरून गेल्या.