तो पाहा कावळा!

ताटात शेवटचा लाडू उरलेला असतो. थोरला भाऊ एकदम अंगणाकडे बोट दाखवून ओरडतो, "तो पाहा कावळा!" धाकटा मान वळवतो. कावळा काही दिसत नाही; आणि मान पुन्हा ताटाकडे वळते, तेव्हा लाडूही दिसत नाही.

घरात हा खेळ शोभतो. आईसुद्धा काऊ-चिऊ दाखवूनच बाळाला घास भरवते. तेथे लबाडीच्या पोटी माया असते. परंतु हीच युक्ती बाजारात शिरली, की एक जण "तुमचे पैसे पडले" म्हणून खाली पाहायला लावतो आणि दुसरा पिशवी लांबवतो. ती सभेत शिरली, की नुकसान साऱ्या गावाचे होते. गिरणाकाठच्या एखाद्या शेतकऱ्याने विचारावे, "पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोहोचत नाही?" आणि उत्तर देणाऱ्याने पूर्वजांच्या पराक्रमाचे वर्णन सुरू करावे! टाळ्या पडतात, शेत मात्र कोरडेच राहते.

मराठी भाषेने ही लबाडी फार पूर्वीच ओळखली आहे. मुद्दा चुकवून जो बाजूने निसटतो, तो बगल देतो. एका प्रश्नाचे दहा करतो, तो फाटे फोडतो. खरे दिसूच देत नाही, तो धूळफेक करतो. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' या म्हणीशीही अशीच एक कथा जोडली जाते. मराठ्यांच्या लहान तुकडीने हूल दिली, मोगल सरदार बहादूरखान तिच्या पाठलागावर दूर गेला आणि मागे दुसऱ्या तुकडीने पेडगावची छावणी लुटली, असे सांगतात.

युक्त्या नव्या निघतात, तसे शब्दही नवे निघाले पाहिजेत. जळगावचे वांग्याचे भरीत आणि केळी सर्वांच्या परिचयाची आहेत. ज्या भाषणात मूळ प्रश्न इतर दहा गोष्टींत ठेचून मिसळला जातो, त्याला 'भरीतभाषण' का म्हणू नये? विचारणाराच घसरून पडावा म्हणून त्याच्या पायाखाली भलताच आरोप टाकणारा, तो 'सालटाक्या'. आणि लाडवाच्या वेळी आकाश दाखवणारा, तो 'काऊदाखव्या'!

शब्द घडवणे हे पंडितांचे काम, असे कोणी म्हणेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी शब्दांच्या मुळांचा शोध घेण्यात आयुष्यातील कितीतरी वर्षे वेचली. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले; पुढे १९३७ मध्ये त्यांचा धातुकोश प्रसिद्ध झाला. परंतु कोशकार शब्द गोळा करतो. ते घडवतात बोलणारी माणसे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही कशाला कोणते नाव देऊ नये, याचा विचार त्यांनी आपल्या बोलीतील एका कवितेत मांडला. योग्य नाव देण्यासाठी डोळस मन लागते. पदवी लागत नाही.

लबाडीला नेमके नाव मिळाले, की तिचे अर्धे बळ सरते. ऐकणारे हसतात आणि वळलेल्या माना पुन्हा ताटाकडे येतात. मात्र येथे एक सावधगिरी हवी. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता समोरच्याला 'सालटाक्या' म्हणून मोकळे होणे, हीदेखील बगलच होय. शिवाय अशा शब्दाचा पहिला प्रयोग स्वतःवर करावा. गृहपाठाविषयी विचारले असता जो पावसाच्या गोष्टी सांगतो, तो काऊदाखव्या नव्हे तर कोण?

म्हणून नवा शब्द उच्चारावा, मनमुराद हसावे आणि हसून झाल्यावर तोच जुना प्रश्न शांतपणे पुन्हा विचारावा : लाडू कोठे गेला? पाणी कोठे अडले?