जुन्या संगणकाचे मोल

2014 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधील एका लिलावात ‘ॲपल-1’ हा जुना संगणक 9 लाख 5 हजार डॉलरांना विकला गेला. 1976 साली त्याची किंमत 666.66 डॉलर होती. ही साडेतेराशे पटींची वाढ वाचून माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेल्या आपल्या संगणकाकडे कुणी आशेने पाहिले, तर त्यात नवल नाही. परंतु ही आशा फोल आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

‘ॲपल-1’चे सुमारे 200 नगच तयार झाले आणि त्यांतलेही थोडेच उरले. लिलावात किंमत आली ती यंत्राच्या गणनशक्तीला नव्हे, तर त्याच्या दुर्मिळतेला व इतिहासाला; घेणारे होते मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालय. आपल्या घरातील यंत्राची सख्खी भावंडे लाखोंनी आहेत. शिवाय ती सगळ्यांनीच जपून ठेवली, तर दुर्मिळता यायची कोठून?

क्वचित टंचाईमुळेही भाव चढतो. 2021 मध्ये आभासी चलनाच्या हव्यासापायी आणि चिपांच्या तुटवड्यामुळे वापरलेली ग्राफिक्स कार्डेही मूळ किमतीपेक्षा महाग विकली जात होती. 2022 मध्ये ते भाव कोसळले. ही तेजी होती, मूल्यवृद्धी नव्हे. उरला धातू. ‘जुने ते सोने’ या म्हणीला येथे शब्दशः आधार आहे, कारण संगणकाच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा असतो. पण तो इतका अल्प की, घरच्या तांब्यापितळेसारखी त्याची मोड येत नाही. आणि उघड्यावर आम्ल ओतून तो काढणाऱ्या मजुराच्या फुफ्फुसांची किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

मग जुन्या संगणकाला मोल नाहीच काय? आहे, पण ते उपयोगिता-मूल्य आहे आणि आपल्या हिशेबपद्धतीला ते दिसत नाही. आयकराच्या नियमांनी 2017 पासून संगणकावरील घसारा 40 टक्के धरला. त्या दराने 50,000 रुपयांचे यंत्र पाच वर्षांनी वहीत 3,888 रुपयांचे उरते. टंकलेखन, हिशेब, विद्यार्थ्यांचे प्राथमिक प्रोग्रॅमिंग ही कामे मात्र ते पूर्वीइतकीच चोख करते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी ‘विंडोज-10’चा नियमित आधार थांबला आणि अनेक धडधाकट यंत्रे केवळ नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत म्हणून म्हातारी ठरली. त्यांतल्या पुष्कळांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली आजही उत्तम चालते.

एका महाविद्यालयात प्रस्तुत लेखकाने चालू स्थितीतील संगणक कुलूपबंद खोलीत पडून राहिलेले पाहिले आहेत. डेडस्टॉक रजिस्टरातून नाव कमी करण्यास मंजुरी हवी होती. ती येईपर्यंत तीन वर्षे लोटली, तारा उंदरांनी कुरतडल्या आणि बहुतेक यंत्रे सुरूच होईनात. शेवटी ती किलोच्या भावाने गेली. त्याच गावातील शाळेत तेव्हा एका संगणकाभोवती आठ-आठ मुले उभी राहत.

वाहनाला जशी योग्यतेची तपासणी असते, तशी संस्थांच्या संगणकांना चौथ्या-पाचव्या वर्षी का असू नये? चालणारे यंत्र, त्यातील माहिती पुसून, नाममात्र किमतीस शाळेला देण्याचा अधिकार प्राचार्यांना मिळाला पाहिजे. न चालणारे यंत्र अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जावे. मंजुरीची मुदत मात्र महिन्यांत मोजली जावी, वर्षांत नव्हे.