बहिष्कार घालतंय कोण?

मुस्लिम दुकानदारांवर बहिष्काराचा मेसेज फिरला की आपण पेटून उठतो. उठलंच पाहिजे. पण ईदचा कुर्ता? मोबाइलवरून! मीही तेच केलं. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली तेव्हा दोष सरकारला देता आला. इतवाऱ्यातली शटरं पडली तर कुणाला देणार? आमच्या लातूरची गंजगोलाई 1917 मध्ये फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर उभी राहिली. तिथे 16 रस्ते येऊन मिळतात, गिऱ्हाईक मात्र पार्सलची वाट बघत घरात बसलंय. अडल्या महिन्यात अब्बांचं नाव याच गोलाईतल्या उधारीच्या वहीत असायचं. ॲपही उधार देतं म्हणे, हप्ता चुकला की दंड लावून! आणि दुकानदार भाईंनो, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आधी उतरवा. चाँदरातीला मी येतोय; पाटी दिसली तर भांडेन.